चुगलखोर

सोमवार, ९ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार वि. वि. तुझ्या सासूबाईंचं प्लास्टर निघालं का? त्यांना म्हणावं, काठी आता चालायला वापरा, सुनेला धाक दाखवायला नको.

आमचं आरोग्य केंद्र जोरात आहे. कॉलेजची मुलं येतात, कसरतीचे सर त्यांचा घाम काढतात आणि मी त्यांच्या पोटात भाजी घालायला आणि तोंडातली सिगारेट काढायला बघते. मला 'पथ्यमावशी' म्हणतात मेले. हल्ली एक यंत्र आलंय. त्यात फुंकलं की सिगारेटच्या धुरातला विषारी वायू श्वासात आहे का ते कळतं. हिरवा दिवा म्हणजे साव, लाल म्हणजे चोर. मुलांनी त्याचं नाव ठेवलंय चुगलखोर.

तुझी भिंगरी माझ्याकडे राहून अभ्यास करते. म्हणजे करत होती.

ताई, मी उगाच पाल्हाळ लावलंय. फोनवर तुला 'तिला ताप आहे' म्हणाले, ते खोटं होतं. ती दवाखान्यात आहे. शुद्धीवर आहे, बोलते, एवढं आधी वाच आणि मग खाली बसून पुढचं वाच. फोनवर मला हे जमलं नसतं, म्हणून कुरिअरने पाठवतेय.

थंडी पडल्यापासून तिचं डोकं दुखायचं, मळमळायचं. मी म्हटलं, नाश्ता चुकवतेस, दुसरं काय! तिला सकाळी पळायला न्यायला लागले. बाहेर पळताना तिला बरं वाटायचं आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची. घरी आली की मात्र खिडकी उघडून उभी. एवढ्या थंडीत! मला संशय आला. एका संध्याकाळी चुगलखोर घरी आणला.

लाल.

"मावशी, शप्पथ, मी कधी ओढलेली नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं. रोज ऐकतेच ना मी हे. तुलाही लगेच कळवलं. तू तिच्याशी बोलणं टाकलंस.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीची खिडकी खिळे ठोकून बंद केली. म्हटलं, न रहे बांस, न बजे बांसुरी.

शुक्रवारी वर्ग दुपारी होता. एरवी पळणं झालं की मी लगेच केंद्रात जाते, त्या दिवशी सकाळभर घरात कपडे धूत बसले होते. वर्गात मुलांचा विश्वास बसावा म्हणून पहिली फुंकर नेहमी माझी असते. फुंकले, तर लाल! मुलं हसून लोळायची बाकी होती. "पथ्यमावशी, दिव्याखाली अंधार!"

"अरे, शप्पथ, मी कधी ओढलेली नाही!" मी ओरडले, आणि माझी बोबडीच वळली. हे कुणाचे शब्द, ते मला लगेच कळलं.

कसरतीचे सर हसत नव्हते. "घरी पाणी कशावर तापवता?"

"गॅसचा गीझर आहे. न्हाणीघरात."

"घरात आत्ता कोण आहे?"

मी कशी धावले ते आठवत नाही. न्हाणीघरात गीझर चालूच होता, बादली वाहत होती. शेजारच्या खोलीत भिंगरी टेबलावर डोकं टाकून पडलेली. हाक मारली, हलवलं, ओ नाही. घरात कसला वास नाही, धूर नाही. आणि ताई, खिडकी उघडेना. स्टुलाने काच फोडली.

डॉक्टर म्हणतात, वाचली. पण गीझरमधूनही सिगारेटच्या धुरातलाच वायू निघतो, त्याचा परिणाम डोक्यावर कधी कधी उशिरा दिसतो, काही आठवडे लक्ष ठेवा. तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही. काल जेवताना तिला चमच्याला काय म्हणतात तेच आठवेना. मग हसून म्हणाली, "गंमत केली गं, मावशी." ती गंमत होती का, मला अजून ठरवता येत नाही. मला फार भीती वाटते, ताई.

शुद्धीवर आली तेव्हा तिने पाणी मागितलं नाही, तुला बोलवा म्हणाली नाही. म्हणाली, "आईला सांगितलंस का, मी ओढत नव्हते?"

सांगते आहे. ती ओढत नव्हती. तू मिळेल त्या गाडीने निघ, आणि मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी तिच्याशी बोल.

तुझी लेक तू जिच्या भरवशावर ठेवलीस ती,
तुझी धाकटी