नकाशात ऊन नाही

कुंदन,

ज्याने या फ्लॅटचा नकाशा काढला, त्याने घरात तान्हं बाळ कधी धरलंच नाही. बेडरूमची खिडकी डक्टमध्ये, गॅलरीसमोर हातभर अंतरावर शेजारची बिल्डिंग. आज बाळाला उन्हात धरायला गच्चीवर गेले, तर सोसायटीचं कुलूप.

तू तान्हा असताना मळ्यातल्या ओट्यावर तेल लावून तुला पायांवर घ्यायचे. वत्सलाकाकू झेंडू खुडता खुडता म्हणायच्या, "काळ्या, अजून किती भाजशील?"

मंजुषाला आणि बाळाला घेऊन मळ्यात जातेय. तिला बोलू नकोस, ती नकोच म्हणत होती. भात कुकरमध्ये आहे. भरदुपारीसुद्धा लाइट लावूनच वाढून घे.

तू हौसेने घर घेतलंस, ते कळतं मला. पण नातवाला सकाळचं ऊन कोणत्या खोलीत देणार आहेस? काकूंच्या फोनवर सांग, मगच आणते.

आई