बिनहवेचा गॉगल

७ डिसेंबर, रविवार
आज लवूच्या होडीचा नांगर भाट्याच्या खाडीत गेला. नांगर मी टाकला हे खरं, पण दोरीची गाठ सुटली त्याला मी काय करणार? नायलॉनच्या दोऱ्या हल्ली नुसत्या गुळगुळीत येतात. नांगर माझ्या कैलासवासी सासऱ्यांचा. सासूबाई दर नारळी पौर्णिमेला त्याला हळदकुंकू लावतात. आणि लवू, म्हणजे माझ्या बायकोचा, श्रद्धाचा, धाकटा भाऊ, एक शब्द बोलला नाही! चिडला असता तर मलाही चिडता आलं असतं. गप्प बसणाऱ्या माणसांचा मला भयंकर संताप येतो.
निश्चय : नांगर मी स्वतः बुडी मारून काढणार. कोणाची मदत घेणार नाही.

८ डिसेंबर
लवूने श्रद्धाकरवी निरोप पाठवला. म्हणे, भावोजींना सांग, अवसेपर्यंत वायच दम धरा. अवस! म्हणजे नारळ, लिंबू आणि कुठला तरी भगत. मी पदवीधर आहे. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली आहेत. मला कोणी पाणी शिकवू नये.
रागाच्या भरात ऑनलाइन गॉगल मागवला. साधा नाही, फ्रीडायव्हिंगचा. याच्यात हवा नसते, पाणी भरायचं असतं. हवा नाही म्हणून खोल गेल्यावर तो डोळ्यांवर आवळत नाही आणि नाकातून फुंकर मारत बसावं लागत नाही. सगळा श्वास नांगरासाठी. मधोमध जाड भिंग, त्यातून पाण्याखालचं दिसतं. श्रद्धाने विचारलं, तिथे खाडी आहे तरी किती खोल? मी सांगितलं, दहा मीटर. ती हसली. माहेरचा विषय निघाला की ही अशीच हसते.

१२ डिसेंबर
गॉगल आला, बरोबर नाकाला लावायचा चिमटाही. सोबतच्या कागदावर सूचना : आत सलाईन भरा, भिंगाला आतून बोट लावू नका. लावलं. वस्तू तपासून घ्यायला नको? मेडिकलवाल्याकडे सलाईन मागितलं तर तो विचारतो, पेशंट कोण? म्हटलं, गॉगल. त्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. उर्मट माणूस. शेवटी नळाचं पाणी भरलं.
कृती अशी : मान खाली घालायची, गॉगलच्या दोन्ही वाट्या काठोकाठ भरायच्या, डोळे त्यात टेकवायचे आणि पट्टा मागे ओढायचा. डोळे चुरचुरले. उजवीकडे एक बुडबुडा राहिला, तो जिथे बघावं तिथे पुढे पुढे. पण बालदीत तोंड घातलं आणि काय सांगू! तळाला चिकटलेला साबणाचा तुकडा लख्ख दिसला.
पाण्याबाहेर मात्र या गॉगलमधून काही म्हणजे काही दिसत नाही. बाथरूमच्या चौकटीवर आपटलो. चौकट चुकीच्या जागी आहे हे मी घर बांधतानाच म्हणालो होतो.

१३ डिसेंबर
सासूबाईंनी खास माझ्यासाठी सुरमई पाठवली. टोमणा! लवूने चहाडी केलेली दिसते. रागाने चार तुकड्या खाल्ल्या.

१४ डिसेंबर, रविवार
पहिली बुडी. एकट्याने जाऊ नये असं कागदावर आहे, पण तो कागद नवशिक्यांसाठी आहे. गॉगल उत्तम. पाणी भिकार. सगळा गाळ. स्वतःचा हात दिसेना तर नांगर काय दिसणार? शिवाय पोटामुळे मी सारखा वर येतो, म्हणजे फुप्फुसं दणदणीत असणार. कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापला.
सगळा वेळ लवू किनाऱ्यावर उभा. हलला नाही, बोलला नाही. मी बाहेर आलो तसा निघून गेला. माझ्यावर पाळत ठेवतो! असं डोकं तडकलं की घरी येऊन लेकीवर, अक्षयावर ओरडलो. पोरीचा काही संबंध नव्हता. तसं तिने मला सांगितलंही.

१६ डिसेंबर
नळाचं पाणी डोळ्यांना मानवत नाही हे सिद्ध. सलाईन घरी करायचं तर मीठ मोजून घ्या, पाणी उकळा, निववा. कोणी सांगितलाय एवढा उपद्व्याप? सलाईन म्हणजे खारं पाणी, आणि फडताळात खारातल्या कैऱ्यांची अख्खी बरणी. तयार, मुरलेलं, घरचं! दोन्ही वाट्या भरल्या आणि डोळे टेकवले.

१६ डिसेंबर, दुपार
डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय घातलं ते दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा नर्सला आत बोलावून विचारलं. श्रद्धा पूर्ण वेळ बरणीबद्दलच बोलत होती. ओला हात घातलात, आता वर्षाचा खार नासणार. नवऱ्याचे डोळे गेले तरी चालतील!

१८ डिसेंबर
डोळे उघडतात. गॉगल गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा असतो. गच्चीत सावली नव्हती, यात माझा काय दोष? वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी ठेवला. कावळ्याने बोंबील सोडून नाकाचा चिमटा नेला. आता कपड्यांचा चिमटा लावणार.
अक्षयाने खरं सलाईन आणून दिलं. मेडिकलवाल्याने तिला चिठ्ठी मागितली नाही. बघून घेईन त्याला.

२० डिसेंबर, शनिवार
आज अवस. संध्याकाळी लवू खाडीवर जाणार असं श्रद्धाकडून कळलं. त्याची पूजा सुरू व्हायच्या आत नांगर वर काढून दाखवायचाच, असं ठरवून निघालो. रस्त्याच्या कडेलाच सलाईन भरलं. एक बुडबुडा नाही! नाकाला चिमटा लावून धुरकट जगातून अंदाजाने पाण्यात शिरलो.
चाललो. चाललो. पाणी गुडघ्याच्या वर येईना. शेवटी आडवा झालो आणि सरपटत निघालो. बायका हसत असल्याचं ऐकू आलं, दुर्लक्ष केलं. तेवढ्यात कपाळावर लोखंड लागलं. नांगर! मिठी मारली, ओढला, ओरडलो. तो भलताच हलका लागला, कारण पलीकडून लवू उचलत होता.
नांगर म्हणे निम्मा उघड्यावर होता. अवसेच्या ओहोटीला खाडी तिथे एवढी सुकते की बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला येतात. खाडीवरच्या प्रत्येकाला तो दिसत होता. फक्त गॉगलवाल्याला नाही. मग अवस, अवस काय करता? सुकती म्हणा ना! नीट सांगायला काय होतं या लोकांना?
लवूने माझा हात धरून किनाऱ्यापर्यंत आणलं. बोलला एवढंच, की भावोजी, आता काढा तो गॉगल.

२१ डिसेंबर, रविवार
सासूबाईंकडे जेवण. नांगर अंगणात, हळदकुंकू लावलेला. जेवताना सासूबाई लवूला बोलायला लागल्या. बापाचा एक नांगर सांभाळता येत नाही, होडी काय सांभाळणार? दोन आठवडे हेच चालू आहे म्हणे. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यालाच म्हणाल्या, तू घालवलास आणि जावई बिचारा डोळे सुजवून शोधत होता! सुरमईचा मोठा तुकडा माझ्या पानात वाढला.
म्हणजे लवूने स्वतःवर घेतलं. पहिल्याच दिवशी. मला न विचारता!
त्याच्याकडे बघितलं. तो खाली मान घालून भात कालवत होता. इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू. सगळ्यांसमोर खरं सांगायचं ठरवलं. भात झाला की. मग सोलकढी झाली की. मग त्यानेच मला हातावर पाणी घातलं आणि टॉवेल दिला.
डोळे सारखे भरून येत होते. श्रद्धाने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, कैरीचा खार. अजून चुरचुरतोय.