न उमटलेलं वाक्य

आई,

आज ऑफिसात एका ग्राहकाची तक्रार आली. आमच्या सॉफ्टवेअरमधून मजकूर कॉपी केला, त्याची खिडकी बंद केली आणि दुसरीकडे पेस्ट करायला गेलं, तर काहीच येत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी मी ते दुरुस्त करून टाकलं. बाजूच्या टेबलावरची म्हणाली, "झकास! एवढ्यात सापडलं पण?" मी हसले आणि डबा न उघडताच परत घेऊन आले.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेला, तेव्हा आपण नाहूरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये होतो. शेजारची काकू तेवढी नुसते तुझे ओठ बघून सगळं ओळखायची. तू ओट्याशी उभी, ती दारात, आणि तुमच्या गप्पा चाललेल्या. मला मात्र ते जमायचं नाही; तू मला प्रत्येक गोष्ट लिहून दाखवायचीस, आणि मोबाईलच्या बारक्या अक्षरांवर तुझं बोट नीट पडेना. म्हणून माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी तुझ्यासाठी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. मोठ्ठी अक्षरं आणि खाली एकच बटण: कॉपी. इथे लिहायचं, बटण दाबायचं, आणि मेल असो की मेसेज, हवं तिथे नेऊन पेस्ट करायचं. तू पहिलंच वाक्य लिहिलंस, "चाय टाक गो."

मग बिल्डिंग पाडून टॉवर बांधायचं ठरलं. नव्या घरांचे मजले चिठ्ठ्या टाकून वाटायचा ठराव होता आणि सोसायटीची मीटिंग व्हिडिओवर होती. काकू हॉस्पिटलात आयाच्या ड्यूटीवर होती. तू सकाळपासून काहीतरी लिहीत होतीस आणि मला बघू देत नव्हतीस. मी म्हटलं, "मी बोलते ना तुझ्या वतीने." तू नाही म्हणून मान हलवलीस. मीटिंग सुरू होते, तू हात वर करतेस. सेक्रेटरी म्हणतो, "हां वहिनी, चॅटमध्ये टाका." तू पेस्ट करतेस. काहीच उमटत नाही. परत करतेस. मग मागे वळून माझ्याकडे बघतेस, आणि एकदम स्क्रीनकडे तोंड करून बोलायलाच लागतेस. तुझे ओठ हलताना सगळ्यांना दिसतायत. कुणीतरी म्हणतं, "वहिनी, म्यूट काढा, म्यूट!" मी तुझ्या बाजूला बसून माऊस ओढते, चॅट बघते, तुझ्या प्रोग्रामची खिडकी शोधते. ती तू बंद केलेली. काम झालं की नळ, गॅस, सगळं बंद करायची तुझी सवय. "काही नाही ना? मग ठराव मंजूर," सेक्रेटरी म्हणाला.

त्या लॅपटॉपवर मी एक हलकी, फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. तिथे कॉपी केलेलं वेगळं कुठे ठेवलंच जात नव्हतं. मजकूर माझ्याकडे आहे, लागला की माग, एवढंच प्रोग्राम सिस्टिमला सांगून ठेवायचा. प्रोग्राम बंद, की मागायचं कुणाकडे? हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ऑफिसच्या मशीनवर खिडकी बंद केली तरी कॉपी केलेलं राहायचं.

संध्याकाळी मी विचारलं, "काय लिहिलं होतंस गं एवढं?" तू परत लिहिलंस. "आमका दोघींका बाजूबाजूक ठेवा."

"एवढंच? अगं, काकू शेजारी हवी, हे मी बोलले असते ना!"

"तुझा नको," तू लिहिलंस. "माझा माकाच सांगूचा होता."

मी सेक्रेटरीला फोन केला. "अगं, ठराव पास झालाय," तो म्हणाला. "एकीला बदलून दिलं तर सगळेच येतील. वाट लागेल यार." मी फोन ठेवला. रविवारी प्रोग्राम दुरुस्त केला, खिडकी बंद करून, उघडून तुला दाखवला. तू माझ्या समाधानासाठी मान डोलावलीस. त्यानंतर त्यात तू दूध, गोळ्या, पंखा एवढंच लिहायचीस.

टॉवर होईपर्यंत काकू भाड्याने मानखुर्दला गेली, आपण मुलुंडला. ड्यूटीतून सुटून ती दोनदा-तीनदा आली. ती आली की तू लॅपटॉपला हात लावायची नाहीस. मग तिचं येणं कमी झालं, आणि टॉवर बघायला तू राहिलीच नाहीस.

आता मी आणि काकू तिथेच राहतो, वेगवेगळ्या मजल्यांवर. मागे एकदा खाली गेटपाशी तिने विचारलं, "मीटिंगमध्ये तुझी आई काहीच बोलली नाही म्हणे, असं कसं गं? मला वाटलं होतं, बोलेल." मी म्हटलं, "नेट गेलं होतं, काकू." तिने मान डोलावली आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तू तिला मागितलं होतंस, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.