सांडलेला ‘सा’

४ मार्च
लेका, जसं बोलते तसंच लिही. वाक्यं सुधारू नकोस – हेही लिही!
एरवी ही वही सून लिहायची. मला अक्षरओळख नाही, तिला ऐकायची हौस. छान जमलं होतं आमचं. साथीतला ताप तिला आला नि गेला, थकवा मात्र मुक्कामाला राहिला. आता लेक लिहितो. मला वाचता येत नाही, पण मुंग्या पळाल्यासारखं अक्षर दिसतं की!

६ मार्च
डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. तपासण्या ठीक आहेत. शरीर सावरायला वेळ लागेल, महिनेही लागतील. एक दिवस बरी वाटेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवी. बळेच उठवू नका म्हणाल्या. कुणीतरी स्पष्ट बोललं, उपकारच झाले.
दाराआड नातवंडं कान लावून होती.

७ मार्च
घर चकाचक! थोरलीनं चपला ओळीत लावल्या. धाकट्यानं, आमच्या बोक्यानं, सगळी खेळणी जिन्याखाली कोंबली. मी थट्टा केली, कुणी हसलं नाही. दुपारी बोका आईच्या पलंगाशी उभा. ती भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेली, येऊन पडली. तो आवाज न करता रडला.

८ मार्च
आज उलगडलं. जेवताना बोका म्हणाला, “आजी, सगळं आवरलं तरी आई उठत नाही.”
“आवरायला कुणी सांगितलं?”
“डॉक्टरीणबाईंनी. आवरायला वेळ लागेल म्हणाल्या.”
सावरायला रे राजा! एक ‘सा’ सांडला, आणि आपल्या पसाऱ्यानं आई आजारी पडली असं पोरगा धरून बसला. थोरलीलाही ते पटलं. पटणारच – आई रोज ‘आवरा, आवरा’ म्हणायची ना.
दोघांना जवळ घेतलं. ताप म्हणजे द्वाड पाहुणा, म्हटलं. गेला, पण आईच्या आत सगळं विस्कटून गेला. ते ती आवरतेय, म्हणून बाहेरून नुसती पडलेली दिसते. तुमच्या पसाऱ्यानं काही झालं नाही, आणि तुम्ही आवरल्यानं ते लवकर संपणारही नाही.
“किती दिवस?” थोरलीनं विचारलं.
“माहीत नाही गं. हळूहळू.” खोटं कशाला सांगू?
“मग आम्ही काय करायचं?”
“खेळणी बाहेर काढा. घर मुकं झालंय.”

९ मार्च
पाय खेळण्यातल्या गाडीवर पडला. कंबर थोडक्यात वाचली. फार बरं वाटलं.

१७ मार्च
बोका येता-जाता दारातून विचारतो, आज काय आवरतेस? ती कधी ‘पाय’ म्हणते, कधी ‘डोकं’. काल नुसता हात हलवला. ‘आईला आज सुट्टी,’ असं मला सांगून पोरगा खेळायला पळाला. रडला नाही. माझा जीव भांड्यात पडला.
शेजारीण न सांगता दोघांना शाळेत सोडते. आभार मानले की रागावते, म्हणून इथे मानते.

२ एप्रिल
आज वहीत मुंग्या नाहीत. ओळी सरळ आहेत, मला न वाचताही कळतं.
बोका दारातून विचारतोय, “आई, आज काय आवरतेस?”
“हात,” सून म्हणते, आणि लिहिते.
पुरे गं. ठेव आता पेन.