एकशे ऐंशी सेकंद

प्रिय वग्दी,

मी, रिफअत अब्दुल बारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चोपन्न, फनार संस्थेच्या काचपेटी समन्वय कक्षात संगणक विभागाचा प्रमुख, तुला एक आकडा कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आकडा एकशे ऐंशी. काल दुपारी साडेतीन वाजता तो मी स्वतःच्या हाताने प्रोग्राममध्ये भरला, आणि आज सकाळी दहापर्यंत एकोणीस विनंत्या त्यातून सुखरूप पार पडल्या. माझे नाव आणि हुद्दा तुला पाठ असताना ते पुन्हा का लिहिले, म्हणून तू हसशील. हस. महाविद्यालयात तुझ्याकडे छत्री मागण्याची चिठ्ठीसुद्धा मी अशीच सुरू केली होती, आणि तू ती बाकावर उभा राहून सगळ्या वर्गाला वाचून दाखवली होतीस. ज्या अहवालात तुझे नाव आले, त्याबद्दलही लिहायचे आहे. पण मी क्रम सोडत नाही, हेही तुला ठाऊक आहे.

कक्षाची हकीकत अशी. तू होतास तेव्हा नऊ रुग्णालये जोडलेली होती, आता तेवीस आहेत. खिडकीखालून ट्राम गेली की पडदे अजून थरथरतात. तुझी खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर मी कोणाला बसू दिलेले नाही, आणि त्याचे कारण आजवर कोणाला सांगितलेले नाही. प्रोग्राम मात्र अजूनही तेच काम करतो: दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळासाठी काचेची पेटी कुठे रिकामी आहे, हे रुग्णालयांच्या संगणकांना विचारायचे आणि मिळाली की ती राखून ठेवायची. विचारणाऱ्याने किती वेळ थांबायचे, हे त्याला आधी सांगून ठेवावे लागते. नाहीतर तो एकाच दारात जन्मभर उभा राहतो. आपले भांडण त्या थांबण्यावरून झाले.

बहरी भागातल्या कॉफीखान्यात डॉमिनोचा डाव मध्येच थांबवून तू मला ते समजावलेस, ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. तू म्हणालास, “अरे बाशा, तू दार वाजवलंस आणि कुणी उघडलंच नाही, ही एक गोष्ट. दार उघडलं, बाई म्हणाली, ‘बसा, बघून येते,’ आणि आत गेली, ही दुसरी. पहिल्या दारात तीन सेकंद पुरे, पुढचं दार गाठ. दुसऱ्या दारातून तू दहा सेकंदांत उठून चालायला लागलास, तर तुझ्यासारखा उद्धट तूच!” आणि वर म्हणालास, “उठलास तर उठलास, पण परत येऊन तीच मागणी नव्याने करू नकोस. तिने आत तुझं काम केलंही असेल. आधी विचार, माझ्या मघाच्या कामाचं काय झालं?” त्यासाठी प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यावा, म्हणजे तीच विनंती दोनदा पोहोचली तरी समोरच्याला ती एकच आहे हे ओळखता येईल, असेही तू सुचवलेस. मी सगळे ऐकून घेतले, डावातली माझी सोंगटी लावली आणि सांगितले की जोडणीला दहा सेकंद, उत्तराला दहा सेकंद, आणि उत्तर आले नाही तर तीन वेळा विचारायचे; सर्वांना एक नियम, म्हणजे शिस्त राहते. तू हात जोडलेस. “फलाफलवाल्यापुढेही घड्याळ लावून उभा राहणारा माणूस तू. तुझ्याशी कोण बोलणार?”

पण तू बोलून थांबला नाहीस. दुसऱ्या दिवशी अल-रीहान रुग्णालयात जाऊन मुख्य परिचारिका सित्त इन्साफ यांच्या शेजारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलास, आणि प्रत्येक विनंतीला त्या उत्तर द्यायला किती वेळ घेतात, ते एका औषध कंपनीच्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून आणलेस. सर्वांत सावकाश उत्तर दोन मिनिटे चाळीस सेकंदांचे होते. खाली तू लिहिले होतेस: उत्तरासाठी एकशे ऐंशी, आणि पुन्हा मागणी नाही. ते पान मी वाचले, घडी घातली आणि खणात ठेवले. मग तुला कळफलकासमोर बसवून दहाचा आकडा भरायला सांगितला, आणि तू तो भरलास.

त्यानंतरच्या त्या गुरुवारचा क्रम आपल्या दोघांनाही माहीत आहे. तरी मी तो पुन्हा मांडतो, कारण अहवालात तो अपुरा आहे. दुपारी एक वाजून सहा मिनिटांनी अगामीतल्या एका प्रसूतिगृहाने अकराशे ग्रॅमच्या मुलीसाठी पेटी मागितली. प्रोग्रामने अल-रीहानचे दार वाजवले. दार लगेच उघडले, विनंती पोहोचली, एक पेटी त्या मुलीच्या नावे राखली गेली आणि सित्त इन्साफ यांच्या संमतीची वाट पाहणे सुरू झाले. दहा सेकंद झाले. प्रोग्रामने ठरवले की उत्तर नाही, आणि पुन्हा मागितले. दुसरी पेटी राखली गेली. आणखी दहा सेकंदांनी तिसरी. मग त्याने नाद सोडला आणि दुसऱ्या रुग्णालयात जागा मिळवून मुलीला तिकडे पाठवले. अल-रीहानच्या तीन पेट्या रिकाम्या राहूनही राखीव झाल्या. अडीच वाजता कफर अल-दव्वारहून असाच दिवस भरण्याआधी जन्मलेला एक मुलगा आला, तेव्हा त्याला जागा नाही असे सांगून दूर तांता शहरात पाठवण्यात आले. रुग्णवाहिकेतल्या परिचारिकेने त्याला वाटभर हाताने फुगा दाबून श्वास दिला. तो वाचला, त्याचे श्रेय तिच्या मनगटांना आहे, आपल्या प्रोग्रामला नाही.

अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य आहे: ‘प्रतीक्षेच्या मुदतीचा आकडा प्रोग्रामर वग्दी अल-शोरबगी यांनी भरला.’ तू तो उभ्यानेच वाचलास, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्यास आणि म्हणालास, “एकही शब्द खोटा नाही. शाबास, उस्ताद.” त्यानंतर तू दम्याता शहरात मेहुण्याच्या फर्निचरच्या कारखान्यात गेलास, असे मला इतरांकडून कळले. मी दहाचे तीस केले, पुन्हा मागण्याचा नियम काढून टाकला, आणि उत्तर उशिरा आले तर कक्षातल्या बायकांनी फोन करून विचारावे अशी सोय केली. तीन वर्षे हे बरे चालले. बरे चाललेल्या गोष्टीकडे मी पुन्हा वळून पाहत नाही, हा माझा दोष आहे.

काल सित्त इन्साफ यांचा निवृत्तीचा दिवस होता. संस्थेच्या वतीने कोणीतरी बसबूसा मिठाईचे ताट घेऊन जायला हवे होते, म्हणून मी गेलो. अल-रीहानच्या त्या विभागात मी त्याआधी कधीही पाऊल ठेवले नव्हते. तेवीस रुग्णालयांची वेळ ठरवणाऱ्या माणसाने हे लिहून कबूल केले पाहिजे. मी बसतो न बसतो तोच पडद्यावर विनंती आली. त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली आणि उठल्या. चप्पल बदलली, हात धुतले, आत गेल्या. मी दारातून पाहत होतो. त्यांनी पेटीच्या काचेवर तळहात टेकला, आतल्या गादीवर हाताची मागची बाजू ठेवून ऊब पाहिली, प्राणवायूचा काटा वाकून वाचला, आणि मग परत येऊन होकाराची कळ दाबली. माझ्या घड्याळात एक मिनिट बावन्न सेकंद झाले होते.

मी विचारले की पेटी रिकामी असल्याचे पडद्यावर दिसत असताना आत जायची गरज काय. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. “पडद्याला काय कळतं, बेटा? एकदा पडद्यावर रिकामी होती आणि आत बाळ झोपलेलं होतं. तेव्हापासून मी हात लावल्याशिवाय हो म्हणत नाही. तुमच्याकडचा तो उंच माणूस आला होता ना, दिवसभर माझा चहा पीत बसलेला, त्याला मी सांगितलं होतं. त्याने तुम्हाला सांगितलं नाही?” मी म्हणालो, सांगितले होते.

मग त्यांनी तो गुरुवार स्वतःहून काढला. आतून येऊन पाहतात तो पडद्यावर एकाऐवजी तीन विनंत्या. “मला वाटलं, तिळं आहे. मुलींना ओरडले, चला, चादरी बदला, तिन्ही पेट्या तापवा, तीन पाहुणे येतायत! पाच वाजेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. कफर अल-दव्वारच्या पोराला मीच नाही म्हटलं, या तोंडाने. आणि ती तिघं आलीच नाहीत.” त्यांनी बसबूसाचा तुकडा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. “तीन वर्षं झाली. अजून मनात येतं, वाटेतच गेली असतील. तिघंही.”

वग्दी, त्या बाईंना तीन वर्षांत कोणीही काही सांगितले नव्हते. समितीने अहवाल वाचला, मी तो लिहिला, तू तो सोसलास, आणि ज्यांनी तीन पेट्या तापवून ठेवल्या त्यांना वाटत राहिले की तीन बाळे रस्त्यात दगावली. मी त्यांना सांगितले की बाळ एकच होते, मुलगी होती, ती दुसरीकडे वाढली आणि आता बालवाडीत जाते. कफर अल-दव्वारचा मुलगाही सुखरूप आहे. आणि एकच मागणी तीनदा करण्याची आज्ञा माझी होती, हेही सांगितले. त्यांनी माझ्या दंडावर चांगली सणसणीत चापट मारली. “एक फोन करता येत नव्हता, उस्ताद? एक?” मग त्या रडल्या, मग त्यांनी स्वतःच्या हाताने मला बसबूसा वाढला आणि संपवायला लावला.

तिथून मी थेट कक्षात आलो, खणातून तुझे पान काढले आणि त्याप्रमाणे केले. जोडणीला तीन सेकंद, उत्तराला एकशे ऐंशी. मुदत संपली तर नवी मागणी नाही. त्याच क्रमांकाने, आधीच्या विनंतीचे काय झाले एवढीच विचारणा. क्रमांकाचे काम पूर्ण करायला आठवडा लागेल, आणि ते मला तुझ्याइतके नीट जमणार नाही, हे मी संकोच न करता लिहितो. सोबत अहवालाची सुधारलेली प्रत आहे. त्यात तुझ्या नावाचे वाक्य ठेवले आहे आणि त्याआधी एक जोडले आहे: ‘मुदतीचा आकडा विभागप्रमुख रिफअत अब्दुल बारी यांनी, प्रोग्रामरने मोजून दिलेला आकडा नाकारून, ठरवला.’ सोमवारी ही प्रत मी समितीसमोर स्वतः वाचणार आहे. ते माझे काय करायचे ते करतील. आकडा बरोबर आहे, म्हणून मला चिंता नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. सात मार्च दोन हजार सोळा रोजी मी तुला एक पत्र पाठवले होते. परत ये, असे त्यात होते. चूक माझी होती, असे त्यात कुठेही नव्हते. पत्र पोहोचल्याची पावती टपालातून परत आली, तिच्यावर तुझी सही होती, म्हणजे दार उघडले होते. उत्तर मात्र आले नाही. मी चाळीस दिवस थांबलो, नकार समजलो आणि वही मिटली. काल त्या दारात उभा असताना माझ्या लक्षात आले की उत्तर न येणे म्हणजे नकार, हे मला कोणीच सांगितले नव्हते. ते मी स्वतःच ठरवले होते. तेव्हा तुझ्याच नियमाने वागतो. मागणी नव्याने करत नाही. फक्त विचारतो: सात मार्चच्या त्या पत्राचे काय झाले? तू अजून आत जाऊन, हात लावून पाहत असशील, तर सावकाश पाहा. या वेळी मी मुदत ठेवलेली नाही.

तुझाच,
रिफअत अब्दुल बारी
अलेक्झांड्रिया, २२ नोव्हेंबर २०१८