कॉव्हेंट्रीचं घर, बेलापूरचा स्लॅब

९ फेब्रु. ९२, रवि.
आईचं अंग पुसत होते, तेवढ्यात किराणा दुकानातून हाक. "सिस्टर, इंग्लंडचा फोन!" इथं बेलापूरला घरी फोन नाही, आपला पी.पी. नंबर तिथलाच. ओल्या हातांनीच पळाले. वाटलं दिनू असणार, रविवारी तोच करतो. तर सुरिंदर! कॉव्हेंट्रीची शेजारीण. चिक्कू बाई, स्वतःहून कधी फोन करायची नाही. म्हणे, "कमल, तेरे घर का केस कोर्ट में गया, तुझे पता है?"
म्हटलं, कुठलं घर? जसं काही मला चार घरं आहेत.
बँकेची दोन माणसं आली, बाहेरून फोटो काढून गेली. कर्जाचे हप्ते थकलेत. बँक घर ताब्यात घेणार. दिनूची बायको कुंपणाशी उभी राहून रडली, तेव्हा सुरिंदरला कळलं.
घर माझ्या नावावर, राहतो दिनू. सख्खा धाकटा भाऊ. हप्ते त्यानेच भरायचे ठरलंय.
काहीतरी घोटाळा असेल. दिनू असं नाही करायचा.

१० फेब्रु.
श्रीरामपूरला जाऊन आय.एस.डी. केला. दिनूचं पहिलं वाक्य, "ताई, तू टेन्शन घेऊ नको."
संपलं. म्हणजे खरं आहे.
नोकरी गेली का रे? नाही. आजारी होतास? नाही. मग? "व्याज लई वाढलं ताई, इथं सगळ्यांचीच घरं चाललीत." सगळ्यांचं मला काय सांगतोस? बँकेची पत्रं? "कपाटात ठेवलीत." माझ्या नावाची पत्रं, आणि हा कपाटात ठेवतो. मी ओरडले तशी बूथमधली माणसं बघायला लागली. बघा म्हटलं.
येताना एस.टी.समोर उसाच्या गाड्या. तासभर रस्ता बंद. बरंच झालं, रडून घेतलं.

१२ फेब्रु.
झोप नाही. तेच तेच डोक्यात.
आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मी तिकडची नोकरी सोडून आले. दिनूला म्हटलं, तू माझ्या घरात राहा, भाडं नको, फक्त बँकेचा हप्ता भर. त्याच वर्षी पाटाखालच्या जमिनीचं हक्कसोड केलं. बहिणीने भावाला जमीन सोडायची ही आपल्याकडची रीतच. रजिस्ट्रारच्या कचेरीत सही केली, दिनूने जांभळी साडी दिली, आई म्हणाली, गुणाची गं माझी. त्याच्याकडून मात्र एक चिटोरं घेतलं नाही. भावाकडून कागद घेतला असता तर भावकीने तोंडात शेण घातलं असतं.
एकवीस वर्षं वॉर्डात काढली. झोपेचं इंजेक्शन द्यायचं तरी दोन नर्सच्या सह्या. आणि अख्खं घर दिलं ते तोंडी! गाढवीण आहे मी.

१५ फेब्रु.
कोणाला सांगितलं नाही अजून. विहारात गेले होते. माझ्याबरोबर नगरला ट्रेनिंगला होती ती शांता भेटली. "दिनकररावाने आईसाठी काय बंगला बांधलाय गं! असा मुलगा पाहिजे." मी पण मान हलवली, सवयीने.
नवरा नाही केला, घर केलं. लोक हसायचे, एकट्या बाईला काय करायचंय? तीन बेडरूम, मागे सफरचंदाचं झाड. किल्ली हातात पडली त्या दिवशी बाप हयात नव्हता. गावाबाहेरच्या वस्तीत जन्मलेल्या माणसाची मुलगी, साहेबाच्या देशात घरमालकीण. त्याला दाखवायचं होतं. राहून गेलं.

१६ फेब्रु., रवि.
दिनूचा फोन आला. येणारच, रविवार चुकला तर आईला संशय आला असता म्हणून.
सरळ विचारलं, हप्त्याचे पैसे गेले कुठं? दारू? जुगार? दुसरी बाई?
म्हणाला, "ताई, तू राहतेस ते काय आहे?"
मला कळेचना. मग कळलं.

१७ फेब्रु.
हा बंगला. हा स्लॅब. दिनूने आईसाठी पैसे पाठवले म्हणून गावभर सांगत फिरले ती मीच. गवंड्याशी भांडले मी. स्लॅब पडल्यावर पहाटे उठून त्यावर पाणी मारलं मी, तडा जाऊ नये म्हणून. भन्तेजींना बोलावून वंदना झाली, त्या दिवशी खीर वाढली मीच. पाटीवर नाव दिनूचं. उतारा दिनूच्या नावावर. ज्याच्या हाती ससा तो पारधी.
माझ्या घराची एकेक वीट काढून इथं आणली आणि मलाच रचायला लावली. केसाने गळा कापला रे!

१८ फेब्रु.
आईला सांगितलं. वाटलं होतं धक्का बसेल, म्हणून आधी बी.पी. बघितलं. मूर्खपणा.
"व्हय," म्हणाली. "मला म्हाईत हुतं."
कधीपासून? "पाया खंदला तवापासून. म्या म्हनले त्याला, कमलीला आत्ता सांगू नगं, तिच्या जिवाला घोर लागंल."
मी बी.पी.चा पट्टा गुंडाळायला लागले तशी तीच पुढं, "तुला कुनासाठी पायजे गं तिकडं घर? त्याला लेकरं हायेत. तू हितं माझ्यापाशी हायेस. एकाच पोटचे तुमी, त्याचं काय न् तुझं काय."
सही करताना मात्र त्याचं वेगळं होतं आणि माझं वेगळं होतं.
दिनूचं एक वेळ समजेल. हिचं नाही समजत. माझ्या हातचं जेवत होती, माझ्याकडून पाठ चोळून घेत होती, आणि तोंडातून अवाक्षर नाही.

२१ फेब्रु.
आईशी बोलणं बंद. कामं सगळी करते. कूस बदलणं, भांडं देणं, पेज भरवणं. बोलत नाही. ती पण हट्टी, तीही बोलत नाही. मधल्या मधे रेडिओ बोलतो.
आज वर जाऊन स्लॅबवर उभी राहिले. कुठं तडा नाही. चांगलं काम झालंय, मेलं.

२६ फेब्रु.
सुरिंदरचा परत फोन. तिचा नवरा बँकेत जाऊन चौकशी करून आला. खरंच, परक्याने करावं ते. २७ मार्चला कोर्ट. मालकीण स्वतः हजर राहिली, नोकरी धरली, त्याच घरात राहून हप्ते भरते म्हणाली, तर जज मुदत देऊ शकतो. देईलच असं नाही. पण दिनूची चार माणसं आणि मी, एवढ्यांत ते भागायचं नाही. खोल्या भाड्याने द्याव्या लागतील. त्याने निघायला पाहिजे.
बावन्नाव्या वर्षी परत नाइट ड्यूटी. गुडघे आत्ताच कुरकुरतात.

१ मार्च, रवि.
दिनू फोनवर रडला. "ताई, थंडीत पोरांना घेऊन कुठं जाऊ?" म्हटलं, बेलापूरला ये. बंगला आहे की तुझा, चांगला पक्का आहे.
म्हणाला, "तू अशी नव्हतीस ताई."
नव्हतेच. म्हणून तर ही वेळ आली. फोन ठेवला. दुकानातून निघाले तरी त्याच्या धाकटीचं तोंड डोळ्यांपुढे. माझ्या हातात जन्मलेली ती.

५ मार्च
पाटल्या मोडल्या, तिकीट काढलं. २० तारखेचं, मुंबईहून. जायचं की नाही ते नक्की नाही, पण तिकीट आहे.
शांताला विचारलं, आईचं बघशील का? तिला सगळं सांगून टाकलं. ती नुसती "अगं बाई" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "भावाला रस्त्यावर काढून तुला त्या घरात झोप लागंल का?"
आणि माझी झोप? ती कोणी विचारली होती?

८ मार्च, रवि.
शांताला शिकवत होते, आईला कसं वळवायचं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ओढायचं नाही, लोटायचं. पावडर घड्यांत साचू द्यायची नाही. आई सगळं ऐकत पडली होती. शांता गेल्यावर इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.
"दिन्याला भायेर काढशील?"
"माहीत नाही."
खरंच माहीत नाही. एकदा वाटतं दाराला कुलूप घालावं त्याच्या डोळ्यांदेखत. एकदा वाटतं जाऊ दे, बँकेने न्यावं आणि सुटावं. पण मग मी कोण? भावाच्या घरात आईचं करणारी बाई.
आईने हात धरला माझा. पकड अजून घट्ट आहे तिची.
"घरी कवा येशील?"
"कोणत्या?" मी विचारलं.
हात सोडला नाही तिने. दुपारच्या गोळ्या राहिल्या होत्या, त्या डाव्या हातानेच काढून दिल्या.