सासरे दोन्ही सैन्यांत होते

१ नोव्हेंबर, शनिवार
ट्रेलर पुन्हा पाहिला. सासरे दिसले नाहीत. ठीक आहे, ट्रेलरमध्येच सगळं दाखवलं तर तिकीट कोण काढणार?

मागच्या वर्षी राजोडीच्या किनाऱ्यावर या ऐतिहासिक महापिक्चरचं शूटिंग होतं. लढाईच्या गर्दीसाठी चांदीपहून टेम्पो भरून शेतकरी नेले, त्यांत आमचे सासरे रामूमामा. सकाळी मावळे, जेवणानंतर पोर्तुगीज. त्याच माणसांत दोन्ही सैन्यं भागवली. जूनमध्ये मामा अचानक गेले. त्यांचे चालतेबोलते व्हिडिओ मेहुण्याच्या, म्हणजे प्रितेशच्या मोबाईलमध्ये होते, तो भातखाचरात पडला. आता मामा हलताना दिसतील ते फक्त या पिक्चरमध्ये.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. प्रितेश म्हणाला, जमीन विकणार नाही. माझी बायको जयवंती म्हणाली, आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी मी पुढे झालो, हात जोडून म्हणालो, मामा, तुमचा पिक्चर मी सासूबाईंना दाखवीन. लगेच शिवला. सगळ्या गावाने पाहिलं. माझ्या शब्दाला वजन आहे हे ऑफिसात कोणी मानत नाही, कावळ्याने मानलं.

संकल्प : थिएटरमध्ये शेजारच्याला सीन समजावून सांगायचा नाही. मागच्या वेळी जयवंती उठून दुसऱ्या रांगेत गेली होती.

६ नोव्हेंबर, गुरुवार
रविवारची तिकिटं काढली, इथेच विरारला. पाच. मी, जयवंती, आमची लेक ज्ञानदा, प्रितेश आणि सासूबाई. जयवंतीचं म्हणणं, पुढची रांग घ्या, आईला मोतीबिंदू आहे. मी शेवटची घेतली. फ्रेम पूर्ण दिसावी लागते. मी फिल्म ॲप्रिसिएशनचा तीन दिवसांचा कोर्स केलाय, हे घरात सगळे विसरतात.

लांबी पावणेचार तास. दिग्दर्शकाचा आत्मविश्वास दिसतो.

९ नोव्हेंबर, रविवार
फसवणूक. शुद्ध फसवणूक.

वसईची लढाई बघायला गेलो, तर पहिला तास वाळवंटात. नायकाचे आजोबा, मग आजोबांचे गुरू, मग गुरूंचा घोडा. इंटरव्हल झाला तेव्हा नायक कुठे घोड्यावर बसायला शिकला होता. पिक्चर नक्की कोणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

संकल्प मोडला, पण नाइलाज होता. सासूबाईंना मामा दाखवायचे होते. दोनदा मी बोट करून दाखवले. पहिला मावळा पंचविशीचा निघाला, दुसरा पुढच्याच सीनमध्ये संस्कृत बोलला. सासूबाईंनी दोघांनाही नमस्कार केला. जयवंतीने मला चिमटा काढला.

लढाई आली तर नुसती धूळ आणि कॉम्प्युटरची माणसं. ती संपली. नायक टेकडीवर उभा राहून समुद्राशी बोलू लागला, आणि मग पुन्हा गाणं. तेव्हा मी निर्णय घेतला. गर्दीचे सीन एडिटिंगमध्ये उडतात, जाणकाराला हे सांगावं लागत नाही. शिवाय पार्किंगमधून आधी बाहेर पडलेलं बरं. प्रितेश हळूच म्हणाला, दाजी, अजून चालू आहे. मी म्हटलं, आता फक्त नावं. जावयाला कोण अडवणार? सगळे उठले.

जिन्यात सासूबाईंनी विचारलं, "संपला?"

मी म्हणालो, "संपला."

गोष्ट संपलीच होती तशी. गाडीत त्या चांदीप येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. दमल्या असतील.

सोसायटीच्या ग्रुपवर रिव्ह्यू टाकला. ‘दिशाहीन. अर्धा कापला असता तरी कोणाचं काही बिघडलं नसतं.’

१० नोव्हेंबर, सोमवार
प्रितेशचा फोन. राजोडीचा जोनाथन शूटिंगला मामांबरोबर होता, त्याने पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. त्या गाण्यानंतर किनाऱ्यावर संध्याकाळ होते. प्रेतं गोळा करायला माणसं येतात. एक म्हातारा आपलं उपरणं काढून एका पोरावर पांघरतो आणि वर बघतो. म्हातारा म्हणजे मामा. पडदाभर चेहरा. खाली पोर्तुगीज तुमान, डोक्याला मावळ्याचं पागोटं. जेवणानंतर कपडे बदलताना अर्धे राहून गेले असणार.

ही कंटिन्युइटीची घोडचूक आहे, असं मी बोलून गेलो. जयवंतीने भाजी चिरायची थांबवली.

"शब्द तुम्ही दिला होता," ती म्हणाली. एवढंच.

मान्य. पण फुकट गेलेल्या तीन तासांनंतर अचानक चांगला सीन येईल, हे मला कसं कळणार? चूक दिग्दर्शकाची आहे. जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
प्लॅन तयार. शनिवारी सगळ्यांना परत नेणार, या वेळी पुढच्या रांगेत, आणि तोंडातून अक्षर काढणार नाही. जयवंतीला सांगितलं. बरं म्हणाली. दिवसभरात तेवढं एकच.

१२ नोव्हेंबर, बुधवार
विरारला पिक्चर उतरला. तळमजल्यावरची लिडिया भेटली, म्हणाली, तुमचा रिव्ह्यू वाचून आम्ही आणि वरच्या सगळ्यांनी बुकिंग कॅन्सल केलं. एरवी आनंद झाला असता.

फोन करकरून शोधलं. बोईसरला उद्या सकाळी एक शेवटचा शो आहे. पण उद्या ऑफिसात ऑडिट, आणि माझ्याशिवाय ऑडिट होत नाही. मग नीट विचार केला. दोन महिन्यांत पिक्चर मोबाईलवर येईलच. तोच सीन थांबवून थांबवून दाखवता येईल, उलट जास्त चांगलं. ज्ञानदा म्हणाली, कोणी सांगावं, सीन तेव्हा कापलेला असेल. हल्लीच्या मुलांना धीर नाही. बोईसरचं मी जयवंतीला सहज बोललो. पुन्हा बरं म्हणाली. समजूतदार बाई.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ऑडिट पुढे ढकललं. लवकर घरी आलो तर कुलूप. किल्ली लिडियाकडे. म्हणाली, सगळे बोईसरला गेलेत, आजींना घेऊन.

दिवेलागणीला आले. सासूबाईसुद्धा, आजच्या रात्री इथेच राहणार. जयवंतीचे डोळे सुजलेले होते. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणाली, "तुम्हाला कंटाळा आला असता."

प्रितेश पंख्याकडे बघत बसला. ज्ञानदा आजीच्या पायाशी. कोणी मामांचं नाव काढेना. म्हणून मीच सासूबाईंना विचारलं, पिक्चर कसा वाटला. फार लांब आहे म्हणाल्या असत्या, तर लगेच दुजोरा द्यायची तयारी होती.

त्यांनी पदर नीट केला.

"लहानच हाय, जावयबापू. मानूस दिसतो न दिसतो, तवर लाईट लागली."

मला फार वाईट वाटलं. सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेलो. साखर कुठे असते ते मला माहीत नाही, आणि बाहेर येऊन विचारायचं धाडस झालं नाही.